लडकूचा शुक्रवारचा नवस

वाडा रोडवर शुक्रवारी सकाळी अनवाणी धावत जाणाऱ्या लडकूबद्दल त्या रोडला सगळं ठाऊक होतं. रोडला म्हणजे रोडवरच्या माणसांना. टपरीवाल्यांना, वीटभट्टीवाल्यांना, एसटीची वाट बघत उभ्या राहणाऱ्या बायकांना. तो कुठला, कुणाचा, कशासाठी धावतो, देवीकडे काय मागतो, हे त्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं. फक्त लडकूला विचारायचं राहिलं होतं. तसं एकाने विचारलं होतं म्हणा, पण सगळा घोळ झाला तो तिथेच.

लडकू अकलोलीचा. गरम पाण्याची कुंडं आहेत ते अकलोली, वज्रेश्वरीच्या देवळावरून थोडं पुढे गेलं की लागतं. घरची भातशेती भावाभावांत वाटली गेली आणि त्याच्या वाट्याला आलं ते एवढंसं की बैल वळवायचा तर शेजाऱ्याच्या बांधावर पाय पडावा. म्हणून तो भिवंडीला कारखान्यात लागला. भिवंडीत कारखाना म्हटलं की लूम, दुसरं काही विचारायचं नाही. एका पत्र्याच्या शेडमध्ये तो आठ लूम सांभाळायचा. तार तुटली की जोड, कांडी संपली की बदल, परत तार तुटली की परत जोड. बारा तासांची शिफ्ट. एक आठवडा दिवसाची ड्युटी, एक आठवडा रातीची. जेवण भिसीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, झोप तिथल्याच खोलीत, उत्तर प्रदेशातल्या कारागिरांबरोबर. ते गावाकडच्या गोष्टी करायचे, हसायचे, भांडायचे. लडकूला त्यांची भाषा येत होती, पण बोलायचं काय ते सुचायचं नाही.

शिवाय त्याचे कान वाजायचे. लूमवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा. शिफ्ट संपते, लाइट जाते, लोडशेडिंगमध्ये अख्खी भिवंडी मुकी होते, पण कानातलं खटाखट खटाखट थांबत नाही. घरी गेला तरी तेच. बायको काही बोलली की तो "काय?" विचारायचा. ती दुसऱ्यांदा सांगायची, तिसऱ्यांदा सांगायची, मग सांगायची बंद झाली.

बायकोचं नाव तुळजा. वज्रेश्वरीच्या पायऱ्यांशी तिचं ओटीच्या सामानाचं दुकान. दुकान म्हणजे काय, चार बांबू, वर निळी ताडपत्री, पुढे फळी. नारळ, खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या. लांबलांबहून नवस बोलायला आणि फेडायला बाया यायच्या, त्यांच्या ओट्या ती भरून द्यायची. तिची स्वतःची कूस मात्र रिकामी. लग्नाला दहाच्या वर वर्षं झाली होती. डॉक्टर झाले, भगत झाले, कुणीतरी सांगितलेला पाला झाला. शेवटी दोघांनी तो विषयच टाकला, आणि विषय टाकल्यावर घरात बोलण्यासारखं फारसं उरलं नाही. तुळजाने स्वतः कधी नवस बोलला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, मिठाईवाला कधी मिठाई खातो का? हसत म्हणायची, म्हणून लोकांना ते हसण्यावारी वाटायचं.

तर धावणं सुरू झालं ते असं. भिवंडीतल्या लूमना सुट्टी शुक्रवारी. बरेचसे शेठ नमाजी, त्यामुळे जुम्म्याला कारखाने बंद. एका शुक्रवारी सकाळी रातपाळी उतरून लडकू भिवंडीच्या नदीनाक्यावर आला, तर एसटी नाही, जीप नाही. लोडशेडिंगवरून पुढे कुठेतरी रास्ता रोको होता. करायचं काय, चालत निघाला. पायात रबरी चपला. कवाडच्या पुढे उतार लागला आणि पाय आपोआप पळायला लागले. चपला फटाफट वाजायला लागल्या, एकीचा अंगठा निघाला, तशा त्याने दोन्ही काढून कमरेच्या पट्ट्यात खोचल्या आणि अनवाणीच पळाला. का पळाला? रात्रभर उभा राहिलेला माणूस, घरी कुणी वाट बघत नव्हतं. पण पळाला खरा. आणि दुगाडफाट्याच्या आसपास कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की कानातलं लूम बंद पडलंय.

तो दचकून थांबलाच. थांबल्याबरोबर खटाखट परत सुरू. मग पुन्हा पळाला. थोड्या वेळाने परत शांत. स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला, झाडीतला कोंबडा ऐकू आला, लांब कुणीतरी कुऱ्हाड घालत होतं ते ऐकू आलं. इतक्या वर्षांनी. लडकूला रडू यायचं बाकी होतं.

त्यानंतर दर शुक्रवारी तो घरी धावतच जायला लागला. एसटी समोर उभी असली तरी.

आता बघा योग कसा जुळून येतो. लूमला सुट्टी शुक्रवारी, आणि देवीचा वारही शुक्रवारच. रस्ता वज्रेश्वरीचा. माणूस अनवाणी, चपला कमरेला, तोंडाने गप्प. लोकांनी काय समजायचं? आपल्याकडे माणूस असाच, उगाच, स्वतःच्या मर्जीने धावतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही. चोर धावतो, नाहीतर नवसाचा माणूस धावतो. चोर दर आठवड्याला दिसत नाही.

अंबाडी नाक्यावर नवशाची चहाची टपरी होती. नवशा हा स्वतःच नवसाने झालेला. आईबापाने याच देवीला साकडं घातलं, पोर झालं, म्हणून नाव नवशा. असा माणूस अनवाणी भक्ताला मोकळा थोडाच जाऊ देणार? त्याने एका शुक्रवारी लडकूला अडवलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि अदबीने विचारलं की बाबा, नवस कसला?

लडकूला तहान लागली होती. मला धावायला आवडतं, हे सांगायला त्याच्या जिभेवर शब्दच नव्हते. चाळिशीला आलेला, कारखान्यात राबणारा गडी. त्याने काय सांगायचं, की गंमत वाटते म्हणून पळतो? टपरीवरचे सगळे कान टवकारून बसलेले.

"हाय एक," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

बस. एवढंच खोटं. पण खोट्याला पाय नसतात म्हणतात ते काही खरं नाही. हे तर लडकूच्या पुढे धावत सुटलं. पुढच्या शुक्रवारपासून त्याला वाटेत पाणी मिळायला लागलं, गुळाचा खडा मिळायला लागला. ट्रकवाले हॉर्न न मारता बाजूने काढायला लागले. म्हाताऱ्या बाया हात जोडायच्या तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकीने तर नारळच हातात दिला, देवीला ठेव म्हणून. पुढे दोघी-तिघींनी दिले. नारळ घेऊन धावणं किती अवघड ते कधी धावून बघा. बिचारा दोन्ही काखांत नारळ धरून वज्रेश्वरीपर्यंत जायचा, देवळाच्या पायरीवर ठेवायचा आणि तुळजाच्या दुकानावरून मान खाली घालून पुढे निघायचा. मूल नाही हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत. तेव्हा नवस कसला हे कुणी वेगळं सांगायची गरजच नव्हती.

तुळजाला हे सांगितलं नवशानेच. देवळात आला होता, ओटी घ्यायला तिच्याच फळीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, वहिनी, तुझ्यासाठी तुझा नवरा तळपाय झिजवतोय, असा नवरा नशिबाने मिळतो. त्या दिवशी तिने दुकान लवकर आवरलं.

संध्याकाळी लडकू ओट्यावर बसला होता. ती तेलाची वाटी घेऊन बाहेर आली. तेल गरम केलेलं होतं. त्याच्यासमोर बसली, त्याचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि तळव्याला तेल चोळायला लागली. काही न विचारता, काही न सांगता. लडकूला आधी कळेचना. मग कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. कुणीही म्हणेल की तेव्हाच सांगायला हवं होतं! पण कितीतरी वर्षांनी बायकोचा हात लागला होता, आणि तो हात गरम होता. लडकूने दुसरा पायही पुढे केला.

मग दर शुक्रवारी तेल, दर शुक्रवारी त्याच्या आवडीचं वालाचं बिरडं. तुळजा बोलायला लागली. दुकानावर कोण आलं, काय म्हणालं, सगळं सांगायची, मोठ्याने सांगायची म्हणजे त्याला ऐकू जाईल. ती पण शुक्रवारचा उपास धरायला लागली. कधी कधी बोलता बोलता ओट्याकडे अशी बघायची, जसं तिथे कुणी रांगतंय. लडकू ते बघायचा आणि घास गिळायचा. आठवडाभर भिवंडीत खाटेवर पडून ठरवायचा की या खेपेला सांगू. शुक्रवारी तेलाची वाटी बाहेर आली की ठरवलेलं सगळं विरघळून जायचं.

याच दिवसांत मितेश भेटला. मितेश भिवंडीजवळच्या वळ गावचा. बापजाद्यांच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, भाडं बसल्या जागी यायला लागलं, त्याबरोबर पोटही आलं. ते उतरवायला तो मुंबईच्या कुठल्याशा धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये शिरला होता. अकलोलीला गरम पाण्यात डुंबायला गाडीने चालला होता, तेव्हा त्याने हा प्राणी बघितला. गाडी बाजूला घेऊन विचारलं, किती धावणार? लडकू म्हणाला, घरी चाललोय. घर कुठे? अकलोली. निघाला कुठून? भिवंडी. मितेशने गाडीतच कपाळावर हात मारला.

मितेश हा पहिला माणूस ज्याने नवसाचं विचारलं नाही. अल्ट्रा हा शब्द लडकूने त्याच्याकडूनच ऐकला. शंभर-शंभर किलोमीटर धावणारी माणसं असतात, आणि ती देवासाठी धावत नाहीत, कशासाठीच धावत नाहीत, आवडतं म्हणून धावतात, हे ऐकून लडकूला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. जगात आपल्यासारखे आहेत तर. पुण्यापलीकडे एका क्लबाने शंभर किलोमीटरची शर्यत ठेवली होती. मितेशने नाव घातलं, स्वतःचे जुने बूट दिले. तुळजाला लडकूने सांगितलं की ओव्हरटाइम आहे, या आठवड्याला येत नाही. नवसाच्या गोष्टीत शर्यत बसत नव्हती, म्हणून हे दुसरं खोटं.

शर्यतीत सगळं इंग्रजीत. ते एक वेळ ठीक, पण तिथे प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतं. कुणाची बायको टॉवेल घेऊन उभी, कुणाचा भाऊ केळी सोलून देतोय, कुणाच्या नावाचे फलक. मितेशने आपली छोटी शर्यत संपवली आणि तो गेला निघून, कारण संध्याकाळी भावकीत हळद होती, आणि आगरी घरातल्या पोराने भावकीची हळद चुकवायची म्हणजे वर्षभर शिव्या खायच्या. त्याला तरी काय बोल लावणार? लडकू एकटा घाट चढत राहिला. पाय अनवाणी धावायला शिकलेले, बुटांत कोंडले गेले. नखं काळी झाली, मग गुडघा धरला. निम्म्याच्या बऱ्याच पुढे एका पाण्याच्या टेबलापाशी तो जरा बसला. कुणी ऊठ म्हणालं नाही. कुणी बस असंही म्हणालं नाही. थोड्या वेळाने एका मुलीने येऊन गोड आवाजात काहीतरी विचारलं आणि त्याच्या छातीवरचा नंबर काढून घेतला. लडकूला वाटलं, आता उठून पळावं. पण नंबर गेला होता.

एसटी बदलत बदलत तो भिवंडीला आला. बूट भिसीच्या माळ्यावर टाकले. रूममधल्यांनी काय झालं विचारलं, तो म्हणाला पाय घसरला.

दुखणं येतं हत्तीच्या पायाने आणि जातं मुंगीच्या. गुडघा महिनोन् महिने बरा होईना. लूमपुढे बारा तास एका पायावर भार देऊन उभं राहायचं. धावणं बंद, म्हणजे कानातलं खटाखट दिवसरात्र चालू. शुक्रवारी एसटीने लंगडत घरी यायचा. मधल्या काळात मितेशचं लग्न झालं, गोदामं वाढली, पोट परत आलं. फोन केला तर म्हणायचा, काका, बघू पुढच्या सीझनला. ज्याच्याशी धावण्याबद्दल बोलता येत होतं असा एकच माणूस, तोही गेला. लडकूला शर्यतीचं स्वप्न पडायचं, आणि स्वप्नात तो बसलेलाच असायचा.

आणि तुळजा त्याच्याकडे बघायची. बसताना कण्हणारा, भिंत धरून पायऱ्या उतरणारा नवरा. तिच्या मनाने एकच हिशोब केला, की हे आपल्यापायी झालं.

एका शुक्रवारी सकाळी लडकू कुंडात पाय सोडून बसला होता. आंघोळीला आलेली माणसं निघून गेली होती. तुळजा तिथे आली, दुकान टाकून आली होती. त्याच्या बाजूला पायरीवर बसली आणि साधेपणाने सांगायला लागली. मंगळवारी तिने आपल्याच दुकानातली ओटी घेतली. चांगला मोठा नारळ, खण, बांगड्या, सगळं. पायऱ्या चढून गेली आणि देवीला म्हणाली की माझ्या नवऱ्याने जे बोललंय ते मी सोडवते. तू दिलं नाहीस तरी माझा राग नाही, पण त्याचे पाय आता मोकळे कर.

"आता धावू नका," ती म्हणाली. "पोर नको मला. तुमी हाव तेवढं पुरे."

आता इथे लडकू गप्प बसला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवस सुटला, बायको जवळ होती, गुडघा तसाही गेलेला. गप्प राहायचं आणि तेल लावून घेत म्हातारं व्हायचं. पण तिने आपल्या दुकानातला नारळ उचलून, त्या पायऱ्या चढून, नसलेला नवस फेडला होता. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःची ओटी घेऊन देवीपुढे गेली, तीही ह्याच्या खोट्यापायी. लडकूला ते सोसवेना.

"तुळजे," तो म्हणाला, "नवस नव्हताच."

तिला वाटलं तो थट्टा करतोय. मग त्याने सगळं सांगितलं. रास्ता रोको, कानातलं लूम, नवशाचा पाण्याचा ग्लास, शर्यत, ओव्हरटाइम. धावल्यावर कसं वाटतं तेही सांगायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. तुळजा पाण्याकडे बघत ऐकत होती. वाफ येत होती आणि तिच्या तोंडावर घाम होता.

"म्हणजे एवढी वर्षं दर शुक्रवारी देवीच्या दारावरनं गेलात," ती म्हणाली, "आन् एकदापन न्हाय मागितलं?"

लडकूने मान हलवली. न्हाय.

तुळजा उठली, लुगड्याचा ओला काठ पिळला आणि दुकानावर गेली.

ती माहेरी गेली नाही, भांडली नाही, गावात कुणाला सांगितलंही नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची. फक्त बोलणं आधीसारखं झालं, म्हणजे झालंच नाही. तेलाची वाटी कोनाड्यात पालथी. लडकूला वाटायचं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्षभरात गुडघा हळूहळू सुधारला, देवाची करणी म्हणा नाहीतर कुंडाचं पाणी. घरी असला की तो पहाटे गावाबाहेर थोडं थोडं धावायला लागला, लपूनछपून, कुणी आलं की चालायला लागायचा. एक दिवस एका गुराख्याला बघून तो असाच चालायला लागला आणि स्वतःवरच चिडला. आपण काय चोरी करतोय? नवसाचं नाव पुसून एकदा तरी सगळ्यांदेखत धावायचं. आणि शर्यतीत बसलो ती शंभर पुरी करायची, इथेच, ह्याच रोडवर. अकलोली ते नदीनाका पंचवीस, तेवढेच परत, असं दोनदा.

दोन हजार नऊचा जानेवारी होता. रजा टाकून तो आदल्या दिवशीच घरी आला आणि गुरुवारी संध्याकाळी त्याने तुळजाला सांगितलं, "उद्या दोन फेऱ्या भिवंडीला जानार. धावत. नवस न्हाय, मलाच वाटतं म्हनून." ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

फटफटायच्या आधी तो निघाला. अनवाणी, चपला कमरेला. दुकानांवर ताडपत्र्या ओढलेल्या होत्या. अंबाडीला उजाडलं. नवशाने त्याला बघून डोळे चोळले, पाण्याचा ग्लास भरून पुढे आला. आणि मग त्याला देवळात ऐकलेलं आठवलं.

"तुझ्या बायकोनं नवस सोडवला ना?"

लडकू म्हणाला, हो. आता नवस नाही. तेव्हाही नव्हता. असाच धावतो.

"असाच?" नवशाचा चेहरा उतरला. ज्याच्या पायाला हात लावावा असं वाटलं होतं, तो माणूस असाच धावत होता. त्याने ग्लासातलं पाणी रस्त्यावर ओतलं आणि टपरीत गेला.

बातमी टमटममधून लडकूच्या पुढे गेली. येता-जाता ज्या बाया हात जोडायच्या त्यांनी तोंडं फिरवली. देवीच्या नावाने फुकटचं पाणी प्यायला, नारळ घेतले, असं कुणीतरी मागून मोठ्याने बोललं. ट्रकवाल्यांनी सगळ्या वर्षांचे हॉर्न एका दिवसात वाजवून घेतले. लडकू वीटभट्टीवरच्या नळाला पाणी प्यायला आणि पुढे गेला. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं. पण काखेत नारळ नव्हते हेही खरं.

पहिली फेरी संपवून तो परतला तेव्हा तुळजा फळीमागे होती. तिने बघितलं, गिऱ्हाइकाच्या खणाची घडी घातली. त्याने घराच्या दाराला हात लावला आणि मागे फिरला. दुसरी फेरी उन्हाची. डांबर तापलेलं, तळवे सोललेले. नदीनाक्यावरून परत फिरल्यावर गुडघ्याने आठवण करून दिली. कवाडच्या चढावर तो चालला, दुगाडफाट्याला जवळजवळ बसलाच. एक दगड होता, सावलीतला, छान सपाट. लडकू त्या दगडापाशी उभा राहिला, खूप वेळ उभा राहिला. इथेही ऊठ म्हणणारं कुणी नव्हतं. मग तो दगड तसाच सोडून निघाला. कान शांत होते.

वज्रेश्वरीला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. शुक्रवारची आरतीची गर्दी. तुळजाच्या दुकानापुढे बायाबापड्या, आणि त्यांच्यात नवशाही, मुद्दाम आलेला. लडकू आता धावत होता असं म्हणायचं, पण एखादं म्हातारं चालत त्याच्या पुढे गेलं असतं. नवशाने सगळ्यांना ऐकू जाईल असं तुळजाला विचारलं की काय वहिनी, आता कसला नवस घेतला तुझ्या नवऱ्यानं?

लडकू थांबला. त्याला वाटलं, आता ती काहीही म्हणाली तरी तिचा हक्क आहे. हाय एक, असं जरी म्हणाली तरी सगळं झाकलं जाईल, पाणीही परत मिळेल.

तुळजाने हातातला नारळ खाली ठेवला.

"नवस न्हाय," ती म्हणाली. "त्यांना धावायला आवडतं."

कुणीतरी फिस्कन हसलं. ती त्याच्याकडे बघून नाही, गर्दीकडे बघूनच पुढे म्हणाली, "मला न्हाय आवडत. पन त्यांना आवडतं."

फळीच्या कडेला पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता. तिने तो पुढे सरकवला. लडकू उभ्यानेच प्यायला, सगळा प्यायला. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तर ती म्हणाली की उभे राहू नका, पाय आखडतील. आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

अकलोलीचा रस्ता अंधारा होता. लडकू एकटाच धावला, घराच्या दाराला हात लावला. शंभर झाले. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, शेजाऱ्याचा कुत्रा तेवढा भुंकला. तो ओट्यावर टेकला.

तुळजा दुकान आवरून आली. आत गेली, चूल पेटवली. थोड्या वेळाने बाहेर येऊन तिने तेलाची वाटी त्याच्या बाजूला ठेवली आणि भाकऱ्या थापायला परत आत गेली. चोळून द्यायला ती बसणार नव्हती, हे त्याला समजलं. तेल गरम होतं. लडकूने पाय मांडीवर घेतला आणि आपला आपण चोळायला लागला.

आतून ती काहीतरी म्हणाली. एकदाच, हळू आवाजात, पूर्वीसारखं ओरडून नाही.

"मीठ संपलंय," असं म्हणाली होती. त्याला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं.